कुत्र्याने धरलेले कासव

पाऊस लागला की कासवे बाहेर निघतात. ही गोष्ट आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. उन्हाळाभर बोडीच्या चिखलात दडून बसलेले कासव आषाढाच्या मोठ्या सरीला जागे होते. मग ते धुऱ्यावरून, बांधीतून, गावच्या वाटेवरून चालू लागते. कोणी खाणे शोधत असते, कोणी अंडी घालायला जागा पाहत असते, कोणी एका तलावातून दुसऱ्या तलावाकडे निघालेले असते.

नेमके त्याच दिवसांत आपण सारे रोवणीला जातो. घराला कडी आणि कुत्रे मोकळे. कुत्र्याला वाटेत कासव दिसले की ते त्याला हाड समजून चघळायला बसते. कासव पळू शकत नाही. ओरडूही शकत नाही. डोके व पाय आत ओढून घेते आणि थांबते. आपल्याला वाटते, त्याला कवच आहे, काय होणार आहे? पण कुत्र्याच्या जबड्यात जोर फार. कवचाची कड कडकन मोडते.

वाचकहो, आम्ही या विषयावर लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या हातून एक कासव मेले आहे. ते आधी सांगतो.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नोकरीला नवीन होतो. शाळेतल्या पोरांनी एक कासव आणले. पाठीवर कातडी असते, त्या जातीचे होते. गावच्या कुत्र्यांनी त्याची पाठ फोडली होती. आम्ही मोठ्या शहाणपणाने जखमेत हळद आणि चुना भरला. वरून गोडेतेल लावले. मग पाण्याचा प्राणी पाण्यातच बरा म्हणून त्याला शाळेच्या हौदात सोडले. तिसऱ्या दिवशी ते हौदात मेलेले तरंगत होते. पोरांनी विचारले, "गुरुजी, औषध केलं तरी कसं मेलं?" आम्ही म्हणालो, त्याची वेळ भरली होती. पोरांनी मान डोलावली, कारण गुरुजी सांगत होते. पण ते खरे नव्हते. आमच्या औषधाने आणि आमच्या पाण्याने ते मेले.

हे आम्हाला कळले, पण फार उशिरा. कसे कळले ते पुढे येईलच. आधी कासवाचे अंग कसे असते ते पाहू.

पुष्कळांना वाटते की गोगलगाय जशी शंखात राहते, तसे कासव कवचात राहते. म्हणजे कवच हे त्याचे घर. तसे नाही. कवच हे कासवाचे अंगच आहे. आपल्या पाठीचा कणा आणि बरगड्या आत असतात. कासवाचा कणा व बरगड्या रुंद होऊन एकमेकींना जुळल्या आहेत आणि त्यांचीच पाठ झाली आहे. वरचे व खालचे मिळून पन्नासावर हाडे त्यात असतात. त्यावर नखासारखा, बैलाच्या शिंगासारखा एक कडक थर असतो. म्हणून कासवाला कवचातून बाहेर काढता येत नाही. काढले तर ते मरते. त्या कवचात रक्त आहे. कवचाला हात लावला तर त्याला समजते, आणि कवच फुटले तर दुखते. आपला पाय मोडला तर जसे दुखेल तसेच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला अगदी लागून, आतल्या बाजूने असतात. पाठीला फट पडली आणि ती खोल गेली, तर थेट फुप्फुसापर्यंत वाट होते. अशा कासवाला पाण्यात सोडले तर ते पाणी आत शिरते. आमच्या हौदात तेच झाले असणार.

तिसरी गोष्ट. गाय, कुत्रा, माणूस यांच्या अंगाला आतून ऊब असते. कासवाला ती नसते. ऊन असेल तसे ते तापते, गारवा असेल तसे गार होते. त्याचे सारे काम सावकाश चालते. खाणे सावकाश, श्वास सावकाश, आणि जखम भरणेही सावकाश. आपले हाड दीड-दोन महिन्यांत जुळते. कासवाचे कवच जुळायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तसेच त्याचे मरणही सावकाश असते. कुत्र्याने धरलेले कासव त्या दिवशी चालते, डोके बाहेर काढते, आपण म्हणतो बरे आहे. पण कुत्र्याच्या दाताचे भोक बाहेरून मसुराएवढे दिसते आणि आत बोटभर खोल असते. तोंडातली घाण त्यात जाते. पाच-सात दिवसांनी पू होतो. म्हणून रक्त दिसले नाही तरी दाताची एक खूणही हलकी समजू नये.

आता दुसऱ्या कासवाची गोष्ट.

आमचे गाव वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गावाला एक मामा तलाव आहे. गोंडराजांच्या काळापासून कोहळी लोकांनी आपल्या भागात असे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. लोक त्यांना माजी मालगुजारी म्हणता म्हणता 'मामा' म्हणू लागले. या तलावांत आणि त्यांच्या खालच्या बोड्यांत कासवे राहतात. मेलेले मासे, किडे, गोगलगायी, शेवाळ खाऊन ती पाणी स्वच्छ ठेवतात. आमच्या घरामागेच एक बोडी आहे.

आषाढातली सकाळ होती. रात्रभर पाऊस झाला होता. आमचा मोत्या अंगणात काहीतरी चघळत बसला होता. जवळ जाऊन पाहतो तर कासव. काळे, टणक पाठीचे, पाठीवर तीन उभ्या कण्या असलेले. ताटलीएवढे. डाव्या बाजूची कड मोडली होती. फट पाठीवर वीतभर नव्हे, पण चार बोटे सहज गेली होती. मागचा डावा पाय चावला होता. मोत्या मालकाकडे शेपूट हलवत पाहत होता, जणू काही मोठी कामगिरी केली.

अशा वेळी माणूस पहिली चूक करतो ती ही, की तो कुत्र्याच्या तोंडातून कासव ओढायला जातो. ओढले की कुत्रे दात आणखी रोवते. आम्ही भाकरीचा तुकडा दूर टाकला. मोत्याने कासव सोडले. त्याला दोरीने खुंट्याला बांधले. मारले नाही. त्याला मारून काय उपयोग? त्याला रात्री मोकळे आम्हीच सोडले होते.

दुसरी चूक मात्र आम्ही पुन्हा केलीच. सवय जात नाही. आम्ही घंगाळात पाणी घेतले आणि कासव त्यात ठेवले.

तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. त्या आमच्या रात्रीच्या वर्गात येतात. वय पन्नाशीचे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा देत होत्या. आता सही करतात आणि अर्ज लिहितात. जातीने गोंड. त्या रोवणीला निघाल्या होत्या. घंगाळात पाहून म्हणाल्या, "गुरुजी, काहून पाण्यात टाकलं जी? पाहा ना, एका अंगानं कलते."

खरेच, कासव पाण्यात सरळ नव्हते. एक बाजू वर, एक बाजू खाली. श्वासाचे काम बिघडले की कासव असे कलते, हे आम्हाला त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले. बाईंना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी नुसते पाहिले. आम्ही घाईने कासव बाहेर काढले. आम्ही हळदीचा डबा मागवला होता, तोही परत पाठवला.

मग तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. नाल्याला पूर होता, रस्ता बंद. डॉक्टर येऊ शकत नव्हते, आम्ही जाऊ शकत नव्हतो. पण त्यांनी फोनवर अर्धा तास खर्च केला. त्यांनी सांगितले ते आम्ही वहीत लिहून घेतले. त्यातलेच आता सांगतो.

कासव उचलताना दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी, पाठीच्या मधोमध धरावे. शेपटीने किंवा पायाने कधी उचलू नये. पाठीवर कातडी असलेल्या जातीची मान लांब असते आणि ते जोरात चावते. त्याला मागच्या अंगाला धरावे. उताणे ठेवू नये. उताणे ठेवले की आतल्या साऱ्या अवयवांचा भार फुप्फुसावर येतो.

रक्त वाहत असेल तर धुतलेल्या सुती कापडाची घडी पाच-दहा मिनिटे दाबून धरावी. माती लागली असेल तर पाणी उकळावे, एक लिटर पाण्यात चहाचा दीड चमचा मीठ टाकावे, ते कोमट होऊ द्यावे आणि जखमेवरून हळूहळू सोडावे. मात्र फट आतपर्यंत गेली असेल, आतले मांस दिसत असेल किंवा फटीतून बुडबुडे येत असतील, तर तिच्यात थेंबही ओतू नये. नुसते स्वच्छ ओले कापड वर ठेवावे. हळद नको, चुना नको, तेल नको, राख नको. चिकटवायचा डिंक किंवा मेणासारखा लांबी-मसालाही नको. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने टाकी जोडायच्या मसाल्याने कासवाची पाठ जोडली होती. वरून छान दिसत होती, आत सारे सडले.

पावसाळ्यात माश्या फार. माशीने जखमेवर अंडी घातली की एका दिवसात आळ्या होतात. म्हणून जखम उघडी ठेवू नये.

मग एक खोके किंवा झाकणाची टोपली घ्यावी. तळाला स्वच्छ सुती धोतर अंथरावे. गवत किंवा तणीस नको, ती जखमेला चिकटते. झाकणाला हवेसाठी भोके असावीत. खोके उन्हात ठेवू नये, चुलीजवळ ठेवू नये, पोरांच्या मध्ये ठेवू नये. अंधार आणि शांतता हेच त्या वेळी त्याचे औषध. खायला घालू नये. दूध तर मुळीच नको. नागाला दूध, कासवाला दूध, ही आपली माया आहे, त्या प्राण्यांची गरज नव्हे. पाण्यातले कासव फार कोरडे पडू नये म्हणून न दुखावलेल्या भागावर ओले फडके टाकावे.

आणि ते कोठे सापडले ती जागा लिहून ठेवावी. बरे झाल्यावर ते तेथेच सोडायचे असते.

एका गोष्टीची धास्ती पुष्कळांना वाटते. कुत्रे पिसाळलेले असेल तर कासवही पिसाळेल काय? नाही. तो रोग दूध पाजणाऱ्या प्राण्यांना होतो. कासव, साप, सरडे यांना होत नाही. पण कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात. आणि कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी. हे कासवासाठी नाही, आपल्या लेकरांसाठी.

हे सारे झाले तेव्हा दुपार झाली होती. बाईंचा रोवणीचा रोज बुडाला. आम्ही तो देऊ केला, त्यांनी घेतला नाही.

आता प्रश्न आला, रात्री ठेवायचे कोठे? आमच्या घरी मोत्या. तो खुंट्याला बांधलेला असूनही वास घेऊन रडत होता. बाई म्हणाल्या, "माझ्या घरी कुत्रं नाही जी. मी ठेवतो. आमच्या कुळात कासवाले मानते."

हे काय ते सांगायला हवे. गोंडांच्या लिंगोच्या कथेत एक प्रसंग आहे. नदीला पूर येतो. गोंड लोक मगरीच्या पाठीवर बसून पार जायला निघतात. मगर त्यांना मधेच बुडवू पाहते. तेव्हा कासव त्यांना पाठीवर घेते आणि पैलतीराला उतरवते. ही कथा नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी लिहून घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती छापली गेली. त्या उपकाराची आठवण म्हणून काही कुळांत कासव खात नाहीत. आपल्या देवळांतही गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असते. आपण त्याला पाय लागू देत नाही. आणि बाहेर पडलो की जिवंत कासवाला पोत्यात घालतो. असो.

त्या संध्याकाळी आम्ही १९२६ या क्रमांकावर फोन केला. हा वनखात्याचा फोन आहे. पैसे पडत नाहीत. त्यांनी आमच्या भागातल्या वनरक्षकाला कळवले. पूर उतरला की येतो, असा वनरक्षकाचा निरोप आला. मग बाईंनी स्वतः एक अर्ज लिहिला. वीज गेली होती, कंदिलाच्या उजेडात लिहिला. 'जखमी' शब्द त्यांनी 'जकमी' असा लिहिला. आम्ही काही बोललो नाही.

अर्ज कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला कायदा आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. जंगली जनावर ही सरकारची मालमत्ता आहे असे तो म्हणतो. ते कोणत्याही कारणाने आपल्या हाती आले, तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवावे लागते. दया करून घरी आणले तरी कळवलेच पाहिजे. नाहीतर वाचवणारा आणि चोरणारा यांत फरक कसा करायचा? हा कायदा २०२२ साली सुधारला आणि १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. जे प्राणी पहिल्या यादीत आहेत, त्यांची शिकार किंवा विक्री केली तर कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि निदान २५,००० रुपये दंड आहे. पाठीवर कातडी असलेले आपले तलावातले कासव त्या पहिल्या यादीत आहे. चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासवही त्यातच आहे. त्याला लोक शहरात शोभेसाठी घरी ठेवतात आणि भाग्य येईल म्हणतात. भाग्य येवो न येवो, पोलीस येतात.

त्या रात्री बाईंच्या दारात दोन माणसे आली. गावातली नव्हती. कासवाची बातमी त्यांना कशी लागली कोण जाणे. बाजारच्या गावी फोन पोचायला काय वेळ लागतो? बाई एकट्या होत्या. मुलगा कामाला तेलंगणात गेलेला. माणसांनी विचारले, "बाई, कासव हाय म्हणते तुमच्याकडं. नखं किती हायेत?"

हा नखांचा प्रकार तुम्हीही ऐकला असेल. वीस नखांचे कासव पुजले तर पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन मिळते, अशी भूल काही लोक पसरवतात. लाखांच्या गोष्टी करतात. त्यापायी गरीब माणसे जंगल धुंडाळतात, कासवे धरतात, आणि शेवटी तुरुंगात जातात. भूल देणारा बहुधा सुटलेला असतो.

आपण सरळ हिशेब करू. टणक पाठीच्या काळ्या कासवाला पुढच्या एका पायाला पाच नखे असतात, मागच्या एका पायाला चार. पाच आणि पाच दहा. चार आणि चार आठ. झाली अठरा. पाठीवर कातडी असलेल्या कासवाला तर प्रत्येक पायाला तीनच नखे. तीन चोक बारा. एखाद्याला वीस असली तर ती त्याची जन्मखूण, जसे एखाद्या माणसाला सहा बोटे असतात. सहा बोटांच्या माणसाच्या घरी पैशांचा पाऊस पडलेला कोणी पाहिला आहे काय? आणि पैशांचा पाऊस पाडणारे कासव ज्याला सापडेल, तो ते विकायला कशाला काढील? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणे हा त्याने गुन्हा ठरवला आहे.

बाईंनी त्या माणसांना सांगितले, "अठरा हायेत जी. मी मोजले."

माणसे जाईनात. एकाने खिशातून नोटा काढल्या. दहा हजार देतो म्हणाला. दहा हजार रुपये म्हणजे बाईंच्या घरी रोवणीच्या साऱ्या हंगामाची मजुरी. त्यांच्या घरावरचे कवेलू फुटले होते, आत पाणी गळत होते. हे आम्हाला ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाहिले. कासवाच्या टोपलीवर त्यांनी आपली छत्री उघडून ठेवली होती, आणि स्वतः ओल्या भिंतीशी बसल्या होत्या.

बाईंनी कंदील वर धरला आणि अर्जाचा कागद दाखवला. म्हणाल्या, "याचा कागद झाला जी. याचं नाव सरकारात लागलं. सकाळी साहेब येते. तुमचं नाव सांगा, तेही यात लिहितो."

नाव लिहितो म्हटल्यावर माणसे निघून गेली.

हे बाईंनी आम्हाला हसत सांगितले. पण रात्रभर त्या झोपल्या नव्हत्या. दाराला आतून मुसळ लावून बसल्या होत्या. आम्ही त्यांना म्हणालो, आम्हाला हाक का मारली नाही? त्या म्हणाल्या, "तुमचा मोत्या बांधला होता, गुरुजी. भुंकायलेही कोणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाला उतरला. वनरक्षक मोटारसायकलीवर आले. त्यांनी अर्ज घेतला, पावती दिली, पंचनामा लिहिला. कासवाला आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि तेथून चंद्रपूरला नेले. चंद्रपूरला वनखात्याचे वन्यप्राण्यांवर उपचार करणारे केंद्र आहे. अशा ठिकाणी डॉक्टर जखम धुतात, पू न होण्याची व दुखणे थांबवणारी औषधे टोचतात, मोडलेले तुकडे बारीक तारेने जुळवतात, आणि मग वाट पाहतात. फार वाट पाहतात.

आपल्या भागाला हे काम नवे नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी जंगली जनावरांचे अनाथालय उभारले. माडिया लोक पोटासाठी शिकार करत. मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून आमट्यांनी ते मागून घेतले, तेथून सुरुवात झाली. पुढे माडियांनीच जखमी व पोरकी जनावरे आणून द्यायला सुरुवात केली. पोटाला नसणाऱ्या माणसांनी शिकार आणून दिली, तिचे मोल आम्हाला फार वाटते.

तिकडे कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी, समुद्रातली कासवे किनाऱ्यावर अंडी घालतात. कुत्री आणि कोल्ही ती उकरून खात, माणसेही नेत. २००२ सालापासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी मिळून ती अंडी कुंपणात पुरून जपू लागले. पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. ते पाहायला लोक दुरून येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात. गावाला चार पैसे मिळतात. हे पैसे मात्र खरे.

मोत्याचे काय केले, असे वर्गात विचारले गेले. मृगापासून दसऱ्यापर्यंत तो आता रात्री बांधलेला असतो. दिवसा मोकळा, पण बोडीकडे जाऊ देत नाही. त्याला दोन्ही वेळ पोटभर घालतो. पुष्कळ घरी कुत्रे असते आणि त्याचे जेवण नसते. मग ते शिकार करणारच. जंगलाच्या कडेच्या गावांत अशी उपाशी कुत्री कळप करून ससे, चितळांची पाडसे, घोरपडी धरतात. कुत्र्याला दोष देऊन भागत नाही. सुरुवातीला मोत्या रात्री फार ओरडे. घरच्या मंडळींची झोपमोड झाली आणि बोलणी आम्ही खाल्ली.

आणखी एक सांगायचे राहिले. कुत्र्याने कासवाला नुसते हुंगले, दात लावला नाही, कोठे ओरखडा नाही, असे असेल तर कासवाला घरी आणू नये. कुत्र्याला बांधावे आणि कासवाला वाट मोकळी करून द्यावी. ते जिकडे तोंड करून चालले होते तिकडेच जाऊ द्यावे. त्याला आपल्याहून वाट चांगली ठाऊक असते.

आमचे कासव परत यायला जवळजवळ वर्ष लागले. पुढच्या साली मृगाचा पाऊस पडून गेल्यावर वनरक्षक त्याला टोपलीत घेऊन आले. पाठीवर जेथे फट होती तेथे फिकट पट्टा दिसत होता, जणू मडक्याला सांधा घातला. मागच्या डाव्या पायाची दोन नखे गेली होती. वर्गातल्या एका पोऱ्याने मोजली आणि म्हणाला, "आता सोळाच राहिली."

बोडीच्या काठी बाईंनी त्याला खाली ठेवले. ते बराच वेळ हलले नाही. आम्ही सारे चार हात मागे सरलो. मग त्याने मान काढली, इकडेतिकडे पाहिले, आणि लंगडत पाण्यात गेले. सरळ पोहत होते. कलत नव्हते.

आता बाईंनी लिहिला तसा अर्ज येथे देतो. भामरागड, एटापल्लीकडे पुष्कळ ठिकाणी फोन लागत नाही. तेथे हा कागद वननाक्यावर किंवा पोलीस ठाण्यात नेऊन द्यावा आणि दिल्याची सही घ्यावी.

अर्ज

प्रति, वनरक्षक साहेब / वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब.

विषय : जखमी कासव मिळाल्याबाबत.

महोदय, मी राहणार मौजा ........, तालुका ........, जिल्हा ......... दिनांक ........ रोजी सकाळी ........ वाजता मला ........ या ठिकाणी एक कासव मिळाले. त्याला कुत्र्याने चावले आहे. जखम ........ या जागी आहे. कासव माझ्या घरी टोपलीत ठेवले आहे. ते उपचारासाठी घेऊन जावे आणि बरे झाल्यावर मिळालेल्या जागी सोडावे, ही विनंती.

सही ........
नाव ........
दिनांक ........ वेळ ........

हा अर्ज आपापल्या वहीत एकदा उतरून काढा. गावाचे नाव आपले घाला, बोडीचे नाव आपल्या बोडीचे घाला. वहीच्या पहिल्या पानावर १९२६ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा.